खडूच्या फुल्या

दादा कापायचा, ती शिवायची. बावीस वर्षं हेच चाललं होतं. कापडावर दादाच्या निळ्या खडूची रेघ पडली की ती बिनधास्त मशीन हाणायची. टेप कधी हातात धरली नाही. "तुझ्या गळ्यात आहे ना, मग मला कशाला?" म्हणायची. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून दादानेच तिला बॉबिन नाव ठेवलं होतं. गिऱ्हाइकंही बॉबिनताईच म्हणत.

गाळा बहीणभावाने मिळून घेतलेला, निम्मा-निम्मा. नवरा गेल्यावर एकटीने साठवलं ते सगळं तिने त्यात ओतलं होतं.

एका सकाळी एक गृहस्थ आले आणि थेट भिंत मोजायला लागले.

"अहो, टेप उलटी धरलीय," ती हसली. "काय शिवायचंय, भिंतीला झगा?"

"गाळा घेतोय आम्ही. दादांनी सांगितलं नाही?"

"दादाचा अर्धा?"

"अख्खा. कागदोपत्री ते एकटेच मालक आहेत."

तिचा पाय पायडलवरच थिजला. मागे दादा कापड झटकत होता, तो झटकतच राहिला.

"दादा, काय बोलतायत हे?"

"तूच तर सही केलीस. दोन वर्षांपूर्वी, रजिस्ट्री ऑफिसात."

"ती कर्जाच्या कागदांवर!"

"त्यातच होता गं एक. तुझा हिस्सा माझ्या नावे सोडल्याचा."

तिला तो गठ्ठा आठवला. जिथे जिथे सही हवी, तिथे दादाने खिशातल्या खडूने निळी फुली मारून ठेवली होती. ती फुलीवरून फुलीवर गेली होती, शिवणीवरून जावं तशी. रजिस्ट्रीच्या साहेबांनी विचारलंही होतं, "सगळं समजलं ना?" ती म्हणाली होती, "दादाला समजलंय ना, बास!"

"अशी बघू नकोस," दादा म्हणाला. "तुझं मशीन कोपऱ्यात राहू देतील. मी शब्द टाकलाय."

"माझ्याच गाळ्यात माझ्यासाठी कोपरा मागितलास? फार उपकार झाले, दादा."

ती कोर्टात गेली. दादाच्या वकिलांनी कागद नाचवला.

"सह्या तुमच्याच?"

"माझ्याच."

"शिकलेल्या आहात. वाचलं का नाही?"

"साहेब, बावीस वर्षं यांनी रेघ मारली आणि मी शिवलं. एकदा तरी विचारलं असेल का, रेघ कुठे चाललीय? विचारा त्यांनाच."

वकिलांनी विचारलं नाही. दादा चपलांकडे बघत बसला.

निकाल लागेपर्यंत गाळा विकायचा नाही, असा हुकूम झाला. निकाल कधी, कुणालाच ठाऊक नाही. तोवर दोघं त्याच शटरखाली. तो एका टोकाला, ती दुसऱ्या. बोलणं बंद, पण गिऱ्हाइकांना कपडे तर हवेतच.

कोर्टातून आल्यावर दुसऱ्या दिवशी दादाने कापलेले दोन कुडते तिच्या टेबलावर सरकवले. ती उठली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. त्याने गळ्यातली टेप काढून दिली.

तिने पहिल्या कुडत्याचा खांदा मोजला, बाही मोजली, घेर मोजला. रेघ अगदी चोख होती, सूतभरही इकडे-तिकडे नाही.

"चुकलंय काही?" दादाने विचारलं. केस टाकल्यापासूनचे त्याचे पहिले शब्द.

"नाही," ती म्हणाली, आणि दुसऱ्या कुडत्याला टेप लावली.