धोंडे जेवणाची सीडी

मला घरगुती व्हिडिओ पाहवत नाहीत. कॅमेरा हलत असतो, मागून कोणीतरी ‘इकडं बघा, इकडं बघा’ म्हणत असतं आणि इकडं बघण्यासारखं काही नसतं. पण शाळा बंद होत्या त्या काळात आम्हा शिक्षकांना घरी बसून धडे रेकॉर्ड करायला लावलं होतं. तेव्हा नाइलाजानं मी एडिटिंग शिकले आणि ही बातमी नातेवाइकांत फुटली. आता कोणाच्या माळ्यावर सीडीचा डबा सापडला, की पहिला फोन मला येतो.

मावशीचा फोन आला तेव्हा काकांचं, म्हणजे तिच्या यजमानांचं, वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. काकांच्या गावची, करकंबची, सगळी भावकी सोलापुरात येणार होती. जेवणं झाल्यावर सगळ्यांना टीव्हीवर काका दाखवायचे, असं तिनं ठरवलं होतं.

“फोटो काय, भित्तीवर हायच की,” ती म्हणाली. “मला बोलतानाचं पायजे.”

बोलतानाचे काका सापडणं अवघड होतं. त्यांचं खतं-बियाण्यांचं दुकान होतं आणि पोत्यावर छापलेलं असेल त्याहून जास्त ते गिऱ्हाइकाशीही बोलत नसत. रविवारी मी लॅपटॉप घेऊन मावशीकडे गेले आणि डब्यातल्या सीडी एकेक करून पाहिल्या. लग्नांच्या सीडीत व्हिडिओवाल्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी चढवलेली. काका ओठ हलवतात आणि सनई वाजते. एका बारशात ते पूर्णवेळ पाठमोरे आहेत.

राहिली एक छोटी सीडी, पुरीएवढी. अशा सीडीवर थेट शूटिंग करणारे कॅमेरे मध्यंतरी निघाले होते. मावशीच्या लेकीनं, माझ्या मावसबहिणीनं, नोकरी लागल्यावर हौसेनं एक घेतला होता. सीडीवर तिच्या अक्षरात लिहिलं होतं : धोंडे जेवण.

ते वाचून मावशीचं तोंड कडू झालं. धोंड्याच्या महिन्यात जेवायला बोलावतात ते जावयाला, आणि हा जावई आता जावई राहिलेला नव्हता. बहिणीचा काडीमोड होऊन बराच काळ लोटला आहे. ती आईजवळच राहते आणि कामावर जाते. चूक कोणाची हे आमच्या घरात सर्वानुमते ठरलेलं आहे, आणि त्या माणसाचं नाव मावशीसमोर कोणी घेत नाही. घ्यावंच लागलं, तर ‘ते पात्र’ म्हणतात.

“पण त्यात हे बोललेत,” मावशी म्हणाली. “लई बोललेत. मला याद हाय.”

आजकालच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नसते, म्हणून वेगळा ड्राइव्ह आणून जोडला होता. त्यात ती पुरी ठेवली. थोडा वेळ घरघर झाली आणि समोर आलं, की डिस्क रिकामी आहे.

“रिकामी कशी? मी सोता वाढत हुते की!”

शोधाशोध केल्यावर कळलं, की या सीडीवरचं शूटिंग ज्या कॅमेऱ्यात केलं, त्याच कॅमेऱ्यात ती शेवटी ‘बंद’ करावी लागते. दुकान बंद करताना शटर ओढावं तसं. ते केलं नाही, तर दुसऱ्या कुठल्याही यंत्राला ती कोरीच दिसते. बहिणीनं तेव्हा हौसेनं शूटिंग केलं आणि शटर ओढायचं राहून गेलं. नशिबानं कॅमेरा कपाटात होता. बॅटरी मेली होती, पण चार्जर लावल्यावर तो चालू झाला. मेनूत ते बटण सापडलं. दाबलं तेवढ्यात खालून कोणीतरी पाणी आल्याचं ओरडलं आणि मावशी उठून पळाली. आमच्या शहरात पाणी रोज येत नाही. आलं की माणूस मरत असला, तरी आधी पिंप भरतात.

त्यामुळे काकांना पहिल्यांदा मी एकटीनं पाहिलं. फायली लॅपटॉपवर उतरवल्या आणि एडिटिंगच्या प्रोग्राममध्ये घातल्या, तर चित्र आलं आणि आवाज नाही. मला संताप आला. एवढं करून पुन्हा मुकेच काका मिळायचे असतील, तर भिंतीवरचा फोटो काय वाईट होता? फायलींचा प्रकार बदलून त्या परत घातल्या, आणि मागच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजली.

जावई पाटावर बसलाय. पुढ्यात ताट, ताटात पुरणाचे धोंडे. शेजारी काका उकिडवे बसलेत, हातात तुपाची वाटी. “लाजू नका,” काका म्हणतात. “हितं काय वजनकाटा न्हाय.” आणि तूप ओततात. पुन्हा ओततात. जावई वर बघून म्हणतो, “मामा, हे तूप हाय का युरिया? घालायलाय ते घालायलाय!”

काका नुसतेच त्याच्याकडे बघतात. मग त्यांचे खांदे हलायला लागतात. मग पडलेल्या दातांच्या फटी दिसेपर्यंत ते हसतात आणि म्हणतात, “युरिया न्हाय ओ, शेणखत हाय. आतनं ताकद येती!” कॅमेरा गदगदा हलतो, कारण तो धरणारी हसत असते. आणि मागून मावशीचा आवाज येतो, “अवो, जेवणाच्या टायमाला काय बोलायलाय!”

काकांनी केलेला विनोद मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. मला रडू आलं. मला ते आवडत नाही, म्हणून मी फायलींची नावं नीट करत बसले.

ओल्या पदरानं मावशी वर आली. तिनं सगळं पाहिलं. युरियाशी तिचा ओठ थोडा हलला. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, “त्याला काढ.”

“कसं काढू? शेजारीच बसलाय.”

“धडे करतीस न्हवं? मग काढ की. भावकीसमोर ते पात्र माझ्या घरात जेवताना दिसायला नको.”

बहीण आत इस्त्री करत होती. मी जाऊन विचारलं. मान वर न करता ती म्हणाली, “अक्का, मला विचारू नको. आई म्हणती तसं कर. अप्पांचा आवाज तेवढा राहू दे.”

मी चित्र मोठं केलं, म्हणजे कडेचा जावई चौकटीबाहेर गेला. काका मध्यभागी आले, पण त्यांचा तुपाचा हातही बाहेर गेला. मग जावयाचं बोलणं काढलं. आता काका कडेला बघतात, कोणी काही बोलत नाही, आणि ते खांदे हलवत हसत सुटतात.

मावशीनं पाहिलं आणि ती चिडलीच. “हे काय केलंस? वेड्यागत दिसायलेत की! एकटेच हसायलेत. लोक म्हणतील, शेवटी डोक्यावर परिणाम झाला हुता.”

मी जावयाला परत आणला आणि त्याचा चेहरा धूसर केला. तेही तिला पटलं नाही, आणि खरं तर मलाही नाही. बातम्यांत दाखवतात तसा आरोपी पाटावर बसलाय आणि काका त्याला आग्रह करतायत, असं ते दिसत होतं. मी म्हटलं, चित्र सोडून देऊ, फोटोवर नुसता आवाज लावू. पण जावयाचा आवाज काढला, की हसण्याला कारण उरत नव्हतं, आणि ठेवला की भावकी ओळखणार होती. तिसऱ्या-चौथ्या वेळेला मला मावशीचा राग आला. माणूस गेला, त्याचं हसू सापडलंय आणि हिला शेजारच्या ताटाचं पडलंय, असं माझ्या मनात आलं. मी ते बोलले नाही. मी प्रोग्राम बंद करायला लागले, तर तिनं माझा हात धरला.

“परत एकदा लाव. हुता तसा.”

मी लावला. या वेळी ती काकांकडे नाही, ताटाकडे बघत होती. धोंडे अर्धे खाल्लेले, भाताची मूद अजून तशीच. मग म्हणाली, “कसाबी असला तरी ह्यांनी पाटावर बसवलाय त्याला. ताटावरनं कुणाला उठवत न्हाईत. जेवतोय तवर राहू दे.”

“आणि मग?”

“जेवण झालं, हात धुतला, की काढ. त्याच्यापुढचं कायबी दिसायला नको मला.”

मला हसू आलं आणि बरंही वाटलं. हे जमण्यासारखं होतं. तो कुठे उठतो ते शोधायचं आणि तिथं कापायचं. मी फाइल पुढे ओढत नेली. भात आला, आमटी आली, काका पुन्हा वाटी घेऊन आले. तो दोन्ही हात ताटावर आडवे धरून नको नको म्हणतोय, काका वाकून त्याच्या बोटांच्या फटीतून तूप सोडायला बघतायत. आणि तिथं चित्र संपलं. मी मागंपुढं करून पाहिलं. पुढे काही नव्हतं. एवढ्याशा सीडीत तेवढंच मावलं होतं.

“मावशी, तो उठतच नाही,” मी म्हटलं. “जेवण संपायच्या आत सीडी भरली.”

शेवटचं चित्र पडद्यावर थांबलेलं होतं. मावशी पुढे सरकली, चष्म्याची काच पदरानं पुसून तिनं ते जवळून पाहिलं. काका वाकलेले, वाटी कललेली.

“मग वाढू दे ह्यास्नी,” ती म्हणाली.