पेट्रोल पंपावरची उसळ

बसंतीबाईचा सासरा हिरासिंग खायला बसला, की हॉटेलवाला बाबाराव कपाळाला हात लावायचा. पांढरकवड्याच्या पेट्रोल पंपाला लागूनच बाबारावचं बांबूच्या तट्ट्याचं हॉटेल होतं. नागपूर-हैदराबादचे ट्रक तिथं थांबत, एसटीही पंधरा मिनिटं उभी राहायची. उसळीची प्लेट पंधरा पैशांना. तेवढ्यात हिरासिंग दोन माणसांचं जेवण उरकी. भाकरी घरच्या, फडक्यात बांधून आणलेल्या. वाटाण्यांना आधी हात लावायचा नाही, नुसत्या रश्शात भाकर कुस्करायची. रस्सा संपत आला की पुन्हा मागायचा, पण प्लेटीत वाटाणे दिसत असतानाच. रिकाम्या प्लेटीत बाबाराव फुकट रस्सा घालत नसे. आणि बसायचं ते एसटीच्या डायव्हरसमोर. त्याचं खाणं चालू आहे तोवर गाडी हलत नाही, हा हिरासिंगचा पक्का हिशेब होता.

त्रेसष्ट सालच्या श्रावणातल्या त्या सोमवारीही तो याच हिशेबानं खाली उतरला.

बसंतीबाई गाडीतच जागा धरून बसली. तिचा नवरा दोन दिवसांपासून यवतमाळच्या दवाखान्यात होता, पोटातलं आतडं सुजलं होतं. शेजारचा प्रेमसिंग पहाटे तिथून निरोप घेऊन बंजाऱ्यांच्या तांड्यावर आला होता. बारा वाजायच्या आत बापाला आणा, कागदावर त्याचा अंगठा लागतो, त्याशिवाय डॉक्टर पोट उघडणार नाहीत, आणि उशीर झाला तर काही खरं नाही. पुढची गाडी संध्याकाळची होती.

सासऱ्यानं उतरताना समोरच्या बाकाकडे बघून म्हटलं, की कुणाला भूक असेल तर फडक्यात दोन भाकरी ठेवल्या आहेत. तो सुनेशी कधी थेट बोलत नसे. एरवी मध्ये नवरा असायचा, आज बाक होता. ती तर सासऱ्यासमोर घुंगटाबाहेर शब्दही काढत नव्हती. त्याचं नाव लग्नानंतरच्या सात वर्षांत तिच्या जिभेवर आलं नव्हतं, नवऱ्याचंही नाही. तांड्यात तशी रीतच होती.

फडक्याची गाठ तिनं सोडलीच नाही. ती तांड्याच्या देवाचं, सेवाभायाचं नाव घेत खिडकीतून सासऱ्याची पाठ बघत राहिली. दुसऱ्यांदा रस्सा आला. त्याच्यासमोर खाकी कपड्यांतला एक माणूस सावकाश जेवत होता.

तेवढ्यात गाडीचं इंजिन सुरू झालं.

तिनं पुढं पाहिलं तर डायव्हर आपल्या जागेवर बसलेला. सोमवारचा उपास होता त्याचा. नुसता चहा घेऊन तो केव्हाच परतला होता. सासऱ्यासमोरचा खाकीवाला ट्रकचा होता.

कंडक्टर माणसं मोजत आला. एक जण यायचा आहे, असं ती घुंगटातून कसंबसं पुटपुटली.

"कोन, तो म्हातारा? नाव सांगा त्याईचं, मी हाक मारतो."

"मले नाव घेता येत नाही."

"तं मले गाडी थांबवता येत नाही, बाई. आधीच वीस मिनिटं उशीर झाला."

मागची माणसं हसली. कंडक्टरनं दारातून "ओ बाबा, चला" अशी हाक दिली. हॉटेलात बसलेले चार म्हातारे वर बघून पुन्हा खाली बघू लागले. हिरासिंगनं तर मानही वळवली नाही, समोरचा खाकीवाला अजून जेवतच होता ना! डायव्हरनं भोंगा वाजवला. पंपावर ट्रकचे भोंगे सारखेच वाजत होते, त्यात तोही विरला. उतरून धावत जावं, तर दारात बोचकी आणि बाया. तोवर गाडी गेली तर दोघंही मागं राहतील.

कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली. गाडी हलली.

बसंतीबाईनं घुंगट मागं सारला, खिडकीबाहेर अर्धी वाकली आणि सगळा जीव गळ्यात आणून ओरडली, "हिरासिंग! गाडी सुटून राह्यली, हिरासिंग!"

आता मात्र म्हातारा वळला. आधी गाडीकडे नव्हे, तिच्या उघड्या तोंडाकडे त्यानं पाहिलं. मग प्लेट तशीच टाकून धोतर सावरत धावला. कंडक्टरनं हात देऊन त्याला वर ओढून घेतलं.

पुढचे दोन तास तो तिच्याकडे पाठ करून बसला. बसंतीबाईनं घुंगट पार छातीपर्यंत ओढला होता. चारचौघांत सासऱ्याला नावानं हाक मारली म्हणून घरी काय वाट्याला येईल? पंचांपुढं बसावं लागेल की माहेरी धाडतील? पण दवाखान्यातल्या माणसाची आठवण झाली की वाटे, पुन्हा वेळ आली तर आपण पुन्हा ओरडू.

ते पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते. हिरासिंगनं कागदावर अंगठा उमटवला. पेशंट शुद्धीत नव्हता, म्हणून डॉक्टरांनी मग त्यालाच विचारलं, दुखणं नेमकं कधी सुरू झालं, उलटी किती वेळा झाली, आधी कधी असं झालं होतं का. हिरासिंग गोंधळला. शेतावर मुक्कामाला असायचा तो, त्याला काय ठाऊक?

बसंतीबाई भिंतीशी उभी होती. तो तिच्याकडे वळला. मध्ये नवरा नव्हता, बाकही नव्हता.

"सांग बाई डॉक्टरले," तो म्हणाला. "तुलेच मालूम हाये. बिनघोर सांग."

तिनं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं आणि खात्रीसाठी पेशंटचं नाव पुन्हा विचारलं. तिनं क्षणभर सासऱ्याकडे बघितलं. तो खाली मान घालून उभा होता.

"देवसिंग," ती म्हणाली.

स्ट्रेचर आत गेलं आणि दार लागलं.