तिथलं ऊन

फ्रीजमधला बर्फाचा ट्रे पिळला की कट्कन आवाज होतो आणि मला आमचं शाहूपुरीतलं स्वयंपाकघर आठवतं. नव्वद सालातला मे महिना होता, पंचगंगेचे दगड उघडे पडले होते आणि नळाला दिवसाआड पाणी यायचं. थोरला भाऊ हिमालयात नोकरीला होता. हिमनदीच्या पोटातून निघणारं पाणी रोज मोजायचं, हे त्याचं काम. सुट्टीला आला की सांगायचा, "आपली नदी पावसावर, तिथली उन्हावर. जेवढं ऊन कडक तेवढं पाणी जास्त. खालची गावंच्या गावं त्यावर जगत्यात." त्या मेमध्ये तो आलाच नाही. त्याची ट्रंक घेऊन त्याच्यासोबत काम करणारा कागलचा माणूस आला. भाऊ बर्फाच्या भेगेत पडला होता आणि हाती लागला नव्हता. आई भरलेली घागर कमरेवर तशीच धरून ऐकत राहिली. तिनं विचारलं, "बर्फ वितळला की खाली येईल न्हवं त्यो?" "येईल मावशी, पण शंभर वर्षंबी लागतील." एरवी उन्हाला शिव्या घालणारी आई घागर खाली ठेवत म्हणाली, "मग पडू दे की तिथं ऊन. चांगलं कडक पडू दे." त्यानंतर रोज सकाळी ती दारात उभी राहून सूर्याला हात जोडायची, अगदी ती स्वतः जाईपर्यंत. परवा पेपरात वाचलं, तिथला बर्फ फार झपाट्यानं वितळतोय, पुढं खालच्या गावांना पाणी पुरणार नाही. भाऊ असता तर त्याला झोप लागली नसती. माझ्या मनात मात्र पहिल्यांदा एवढंच आलं, आता तो लवकर येईल.