जिनाचा हंगाम आणि बहिणीचा दम

नंदुरबारची हवा कोरडी, औषधी, असं कुणी माझ्यासमोर म्हटलं की माझं डोकं फिरतं. कोणत्या महिन्यातली हवा, ते आधी सांगा म्हणावं. पावसाळ्यात गुजरातकडून वारा सुटतो तेव्हा कुणीही छाती भरून घ्यावी. पण दिवाळी झाली, कपाशीच्या गाड्या जिनाकडे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याकडे, लागल्या आणि बॉयलर पेटला, की आमची गल्ली खोकायला लागायची. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेकडेही डोंगर, मध्ये आम्ही. थंडीत वारा पडायचा आणि धूर वर जायचं नाव घ्यायचा नाही. ऊन चढेपर्यंत कौलांवर बसून असायचा.

तक्रार तरी कोणत्या तोंडाने करायची? आमचं पोट त्याच जिनावर होतं. वडील बॉयलरमध्ये कोळसा टाकायचे, मी बायांच्या रांगेत बसून यंत्राला कपाशी भरवायचे. आई लवकर गेलेली. घरी धाकटी बहीण, चौदा वर्षांची, दमेकरी. उन्हाळ्यात ती माझ्याशी कडाकडा भांडायची आणि हंगाम लागला की एक वाक्य बोलायला तीनदा थांबायची. होळीच्या सुमारास जिन बंद व्हायचा, वाराही फिरायचा. तोवर तिला तगवायचं, एवढंच आमच्या हातात होतं. सकाळी उठल्या उठल्या ती विचारायची, "होळी कव्हय शे?" मी दोन-चार दिवस कमी करूनच सांगायचे.

त्या वर्षी थंडी फार पडली. तोरणमाळकडची एक बाई बाजाराला चारोळी घेऊन यायची आणि आमच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकायची. बहिणीची दशा बघून ती म्हणाली, "तिले मन्हासंगे वर धाड. होळी लगून ऱ्हाऊ दे. तठे धूर नही."

वडील तयार होते. मीच आडवी आले. वयात आलेली पोर, रानातल्या परक्या घरात, लोक काय म्हणतील? माझ्या जिभेला तेव्हाही हाड नव्हतं. "आमना घरमा खावाले नही का?" म्हणून मी तिला टाकून बोलले. ती पाणी पिऊन निघून गेली. बहिणीला जायचं होतं. ते तिच्या तोंडावर दिसत होतं आणि मी बघितलं न बघितलंसं केलं.

पुढे गल्लीतल्या बायांनी ठरवलं, पोर देखणी आहे, नजर लागली. मला ते पटलं. नजर लागली असेल तर ती उतरवता तरी येते.

अमावस्येच्या दिवशी वडील नि मी कामावरून आलो तर ती भिंतीला टेकून बसलेली, खांदे वरखाली होत होते. तिन्हीसांजेची वेळ, धूर गल्लीत उतरलेला. मी दार लावलं, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, घमेल्यात निखारे घेतले. मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या तिच्यावरून उतरवून त्यात टाकल्या. आमच्यात रीत अशी, की मिरच्यांचा ठसका लागला तर नजर नाही. नाही लागला तर नजर जबर, तिनेच तिखट ओढून घेतलं. मी वाट पाहिली. मला ठसका लागला नाही, वडिलांनाही नाही.

कसा लागणार? माझ्या नाकात दिवसभराची रुई, त्यांच्या नाकात कोळसा. हंगामात आम्हाला भाकरी करपलेली कळायची नाही. पण हे शहाणपण आत्ताचं. बहीण खोकत होती, पण ती तर रोजच खोकायची, तो खोकला मी धरलाच नाही. केवढी ही नजर म्हणत मी आणखी मूठभर मिरच्या टाकल्या.

तिने खिडकीकडे हात केला. "उघाड," एवढंच म्हणाली.

"थांब, बाहेर धूर शे," मी म्हटलं.

ती उठायला लागली. मी तिचे खांदे धरून तिला खाली बसवलं. मायेने धरले होते, पण धरले होते. ती थोडा वेळ धडपडली आणि मग शांत झाली. उतरली नजर, असं मी वडिलांना म्हटलंसुद्धा.

दार उघडलं तर शेजारीण चौकशीला आली होती. ती कधी जिनात गेलेली नव्हती. उंबऱ्यापाशीच तिला असा ठसका लागला, की तोंडाला पदर लावून ती मागे सरली. तेव्हा मी वळून बहिणीकडे पाहिलं. तिचे खांदे हलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाया जमल्या. नजरच मोठी होती, तू तरी काय करणार, असं जी ती म्हणत होती. शेजारीण खाली मान घालून बसली होती. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मी काय बोलते म्हणून.

"हा," मी म्हटलं, "नजर मोठी व्हती."