वाऱ्याकडे तोंड

चिल्कॅट नदीच्या त्या वळणावर पाणी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. तळातून कोमट झरे लागतात, म्हणून सॅल्मन मासे उशिरापर्यंत येत राहतात आणि माशांमागोमाग पांढऱ्या डोक्यांचे गरुड. काठावरची झाडं तोवर उघडीबोडकी झालेली असतात. त्यांच्या फांद्यांवरचा कुठला पांढरा ठिपका बर्फाचा आणि कुठला गरुडाच्या डोक्याचा, असं गावात कुणालाही विचारलं की उत्तर ठरलेलं, "लोरेटाला विचार."

लोरेटा दुर्बीण लावायची ती नुसत्या खात्रीसाठी. "बर्फाच्या गोळ्याला मान नसते," ती म्हणायची. उडताना पंख फळीसारखे सरळ धरतो तो आपला. किंचित वर उचलून धरतो तो डोंगरातला सोनेरी. फसवतात ती पोरं. पाचेक वर्षांचं होईपर्यंत त्यांचं डोकं पांढरं होत नाही. तपकिरी अंग आणि त्यावर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे डाग. बहिणीच्या मुलाला, ड्वेनला, तिने हे तो मांडीवर बसायचा तेव्हापासून शिकवलं होतं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. आणि आईची धाकटी बहीण म्हणजे धाकटी आईच, असं नदीकाठच्या या आदिवासी लोकांत मानतात.

ऑक्टोबर सरता सरता ड्वेनची होडी उलटी सापडली. ड्वेन नव्हता.

हेलिकॉप्टर आलं, घिरट्या घालून गेलं. मग गावच उरलं. त्यांच्यात माणूस एक तर गरुडाच्या बाजूचा नाही तर डोमकावळ्याच्या. मूल आईच्या बाजूचं, आणि लग्न समोरच्या बाजूत. एका बाजूचं माणूस गेलं की त्याचं सगळं दुसऱ्या बाजूने करायचं. ड्वेन, त्याची आई वर्ना आणि लोरेटा गरुडाच्या बाजूचे. म्हणून शोधायला निघाले ते ड्वेनचा बाप ओरिन आणि काका डेल्बर्ट, कावळ्याच्या बाजूचे. बहिणींनी घरात बसून रडायचं. पण लोरेटाला त्यांनी एक काम दिलं. गरुड जमिनीवर कुठे गर्दी करतात ते बघायचं आणि सांगायचं. त्याचा अर्थ काय, हे कुणी कुणाला समजावलं नाही.

"नदीचे काठ गोठायच्या आत," वर्ना म्हणाली. "त्याला आपल्या आईच्या थडग्याशेजारी ठेवायचंय. मला रिकामी पेटी पुरायची नाही ग."

"सापडेल, ताई."

लोरेटा उजाडताच मासे धुरवायच्या खोपटामागे जाऊन उभी राहायची. समोर नदीच्या मधोमध पुरात वाहून आलेल्या ओंडक्यांचा ढीग अडकला होता. त्याच्या टोकाला काहीतरी काळसर बसलेलं होतं.

"ते काय ग, गरुडांच्या मावशी?" पहिल्याच सकाळी डेल्बर्टने विचारलं. तशा दिवसातही त्याची जीभ गप्प बसत नव्हती. कावळ्यांनी गरुडांना चिडवायचं, हा त्यांचा जुना हक्कच.

लोरेटाने दुर्बीण लावली. तपकिरी पाठ, खांद्यांवर पांढरे शिंतोडे, मान आत ओढून घेतलेली.

"आमचंच पोर आहे. दुसऱ्या वर्षाचं असेल."

"आळशी दिसतंय. तुमच्यावरच गेलंय."

"थंडीत अंगातली ऊब राखावी लागते, बाबा. कावळ्यांसारखं बोंबलत फिरून भागत नाही. त्याला उठवू नका, लांबून जा."

थंडीत बसलेल्या गरुडाला उडवायचं नाही, हे तिथे लहान मुलालाही ठाऊक असतं. उडण्यात गेलेली ताकद त्याला परत मिळत नाही. डेल्बर्टने मान डोलावली. होडी ढिगाला मोठा वळसा घालून गेली आणि रोज तशीच जात राहिली.

एकदा खालच्या बेटावर गरुडांची झुंबड उडाली. पांढरी डोकी, तपकिरी डोकी, सगळी जमिनीवर. लोरेटाने हात हलवून होडी तिकडे पाठवली आणि स्वतः बर्फातच खाली बसली. मूस हरणाचं मेलेलं वासरू निघालं. घरी येऊन तिने वर्नाला सांगितलं तेव्हा दोघी हसल्या आणि हसता हसता एकमेकींना धरून रडल्या.

ओंडक्यांवरच्या पोराशी ती बोलायची. गरुड दिसला की नातलगाशी बोलावं तसं बोलायचं, ही त्यांची रीतच. "काल काही खाल्लंस का रे?" ती विचारायची. "तू तिथे मधोमध बसलायस, तुला सगळं दिसतं. आमचा मुलगा कुठे आहे तेवढं सांग." ते हलायचं नाही. एवढं धीराचं पोर तिने पाहिलं नव्हतं.

मग एका सकाळी वारा फिरला. इतके दिवस तो समुद्राकडून येत होता. आता डोंगरावरून उतरला, कोरडा, सुरीसारखा. झाडांवरचे गरुड एकेक करून वळले. बसलेला गरुड नेहमी वाऱ्याकडे तोंड करतो, नाहीतर पिसं उलटी होऊन थंडी आत शिरते. काठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांची तोंडं डोंगराकडे झाली.

ओंडक्यांवरचं पोर वळलं नाही.

लोरेटा बघत राहिली. त्याला वेळ दिला. पोरं मंद असतात, ती मनात म्हणाली. वाऱ्याने त्याच्या खांद्यावरचे पांढरे शिंतोडे उडाले. ते बर्फाचे होते. खाली नुसतं तपकिरी कापड होतं, आणि कापडाला टोपी.

डेल्बर्ट होडी ढकलत होता. ती त्याच्याजवळ गेली.

"ते पाखरू नाहीये."

"काय?"

"ओंडक्यांवर. डेल्बर्ट, ते पाखरू नाहीये."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग नदीकडे. दोघे भाऊ थेट ढिगाकडे गेले. लोरेटा काठावरच थांबली, कारण आपल्या बाजूच्या माणसाला आपण हात लावायचा नसतो. ड्वेनचा कोट खांद्यापाशी फांदीत अडकला होता, म्हणून तो वाहून गेला नव्हता.

संध्याकाळी वर्नाने विचारलं, "खोपटामागून दिसत होता?"

"दिसत होता."

"रोज?"

"रोज, ताई."

वर्ना उठून आत गेली. पेटी भरली, आईशेजारी ठेवली. कावळ्याच्या बाजूच्या बायकांनी सीलच्या तेलातला मासा आणला, ड्वेनच्या वाट्याचं ताट त्याला पोचावं म्हणून विस्तवात घातलं. दुःखातल्या लोकांनी एका ओळीत खांद्याला खांदा लावून बसायचं असतं, तशा बहिणी बसल्या. त्या दिवशी ओरिनने लोरेटाच्या ताटात दोनदा वाढलं. वर्नाचा खांदा मात्र तिच्या खांद्याला लाकडासारखा लागत होता.

वसंतात नदीच्या वरच्या अंगाचं बर्फ फुटलं, नवे ओंडके आले. खोपट साफ करताना वर्ना एकदम थबकली. बरेच महिने ती कामापुरतंच बोलत होती.

"ते काय आहे?" तिने नदीकडे हात केला. पलीकडच्या वाळूवर काहीतरी काळसर बसलं होतं.

दुर्बीण खिळ्याला टांगलेली होती. लोरेटाने तिला हात लावला नाही. तिने गुडघ्यापर्यंतचे बूट चढवले आणि उथळ पाण्यातून, दगड चाचपत, ते जवळून बघायला निघाली.