लिंपलेली फट

सुनिता आणि आदिनाथ ऊसतोडीला कर्नाटकात निघाले, तेव्हा मांजरी शेजारच्या धोंडीरामवर सोपवून गेले. धोंडीरामनं चाळीस वर्षं गवंडीकाम केलेलं. अर्धवट काम त्याला खपत नसे. बंद घरात साप शिरू नये म्हणून त्यानं त्यांच्या दाराखालची फट दगड-चिखलानं गच्च लिंपून टाकली.

मांजरी त्याच्या दूध-भाकरीला तोंड लावीना. दिवसभर ती दाराशी चिखल उकरी. मालकिणीची आठवण येत असेल, असं त्याला वाटलं. उकरलेलं तो पुन्हा लिंपी. कानानं त्याला कमीच ऐकू येई.

चौथ्या दिवशी तिची तटतटलेली आचळं दिसली, तसा त्यानं फोन लावला.

"सुनिता, मांजरी व्याली हुती का?"

"गडबडीत ध्यान न्हाई मामा. पोट लई मोठं हुतं. कावून?"

"कुलूप तोडतो."

"तोडा की! तुमाला कोण चोर म्हणतंय?"

फोन चालू ठेवूनच त्यानं कुलूप तोडलं. चुलीमागं तीन पिल्लं होती, थंडगार. मांजरीनं एक तोंडात धरलं आणि बाहेर नेलं.

"मामा, काय झालं?"

"पिल्लं मेली. मी कोंडली."

"तुमाला काय ठावं हुतं? तिला तेवढं जपा."

मांजरी परत आली. दुसरं पिल्लू उचलून, त्यानं ठेवलेल्या दुधाच्या वाटीला वळसा घालून, निघून गेली.