हातपंपाचं पाणी आणि बाळकृष्णाचं लोणी

त्या श्रावणात माझी देवावरची श्रद्धा पार आटली होती, हे आधीच कबूल करते. सासूबाईंचा टायफॉइड उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. महिना झाला तरी दोन घोट पेजेपलीकडे काही जाईना. असंच चाललं तर पुन्हा भरती करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि सासूबाईंचा हट्ट एकच, "दहीकाल्याला बाळकृष्णाला रवीच्या लोण्याचा नैवेद्य दाखव, मग जेवेन." मिक्सरचं लोणी चालणार नव्हतं. मला रागच आला. आजारी माणूस, आणि वर अटी!

दिल्लीत मयूर विहारमधली आमची सोसायटी तेव्हा नवीकोरी होती. निम्मे फ्लॅट रिकामे, समोर बांधकाम. आठवडाभर साय साठवून विरजली. दहीकाल्याच्या सकाळी मडकं खिडकीशी ठेवलं, रवी गजाला अडकवली आणि दोरी ओढू लागले. पहाटेपासून वीज नव्हती. तासभर घुसळून नुसता फेस. दिल्लीच्या थंडीत लोणी येईना की मी कोमट पाणी घालायचे. त्याच सवयीनं ऑगस्टच्या उकाड्यातही घातलं. वर तेलकट तवंग आला. दोरी टाकली आणि देव्हाऱ्याकडे बघून म्हटलं, "आता तुझं तू बघ बाबा," आणि ढसाढसा रडले.

उघड्या दारात एक म्हातारी उभी होती. डोक्यावर ओढणी, काखेत गाठोडं. पानिपतहून मुलीकडे आलेली, जिना चुकली होती. पत्ता विचारता विचारता तिची नजर मडक्यावर गेली. तिनं त्यात बोट बुडवलं.

"गरम पानी डाल दिया? अरी बावली, गर्मी में तो ठंडा चाहिए."

"बर्फ नहीं है अम्मा, बिजली गई हुई है."

"तो नीचे नलका किसलिए है?"

बांधकामावरच्या हातपंपाकडे मी अनवाणीच धावले. कळशी भरून आणली. तिनं गार पाणी बेतानं ओतलं आणि दोरी माझ्याच हातात दिली. "धीरे, बेटी. जोर मत लगा."

थोड्या वेळानं रवी जड झाली, घुसळण्याचा आवाज बदलला. लोण्याचा रवा दिसला, आणि बघता बघता पांढराशुभ्र गोळा ताकावर तरंगू लागला. आत सासूबाईंना ऐकू जावं म्हणून मी लहान मुलीसारखी ओरडले, "आई, आलं! लोणी आलं!" म्हातारी हसली, पेलाभर ताक प्यायली आणि मुलीचं घर शोधायला निघून गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

आमचे हे म्हणतात, सगळा थंड-गरमाचा खेळ. असेल. मी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं की मी हट्टानं ओढत होते तोवर काही हाती आलं नाही, आणि सोडून दिलं तेव्हा दारात माणूस आलं. तिला माझा रोज नमस्कार असतो.

नैवेद्याचं लोणी सासूबाईंनी जिभेवर ठेवलं, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "अगं, बघतेस काय? भाकरी टाक." त्या दुपारी त्यांनी दीड भाकरी खाल्ली.